गाठ विरघळेल का?

समजा, सातारा जिल्ह्यातले एक गुरुजी आहेत. ५८ पूर्ण झाली, निवृत्तीचा सत्कार झाला, शाल अजून घडी न मोडता कपाटात आहे. शौचावाटे रक्त पडायला लागून सहा महिने झालेत. मूळव्याध असणार म्हणून सुरणाची भाजी खाऊन झाली, इसबगोल झालं, शेजाऱ्यांनी सांगितलेला काढा झाला. शेवटी एका डॉक्टरांनी हातमोजा चढवून बोटानं तपासलं. बोटाला जे लागलं ते मूळव्याधीसारखं मऊ नव्हतं. मग दुर्बीण, बायोप्सी, एमआरआय असं सगळं रीतसर झालं. गुदाशयाचा कॅन्सर, गुदद्वारापासून ४ सेंटिमीटरवर. गाठ आतड्याची भिंत ओलांडून भोवतालच्या चरबीत शिरली आहे. यकृत आणि फुप्फुसं मात्र स्वच्छ आहेत.

फाइल मुलगी सांभाळते. डॉक्टर पुढच्या सहा महिन्यांचा आराखडा कागदावर काढून देतात तेव्हा तिला एवढंच विचारायचं असतं, "अण्णांची पिशवी टळेल का हो?"

पिशवी म्हणजे पोटावरची. गाठ इतकी खाली असली की ती काढताना शौच धरून ठेवणारा स्नायूही काढावा लागतो आणि आतड्याचं तोंड पोटावर आणून शिवतात. लंडनच्या अर्नेस्ट माइल्स या सर्जननं १९०८ साली ही शस्त्रक्रिया मांडली. तिनं असंख्य जीव वाचवले आणि तितक्याच जणांच्या पोटाला जन्मभराची पिशवी लावली. पिशवीसह माणसं उत्तम जगतात, प्रवास करतात, पंगतीला बसतात. पण कुणी हौसेनं ती मागून घेत नाही.

डॉक्टर म्हणतात, "आधी लाइट आणि गोळ्या देऊ. गाठ किती विरघळते ते बघू आणि मग ठरवू."

किरणोपचाराला आपल्याकडे कुणी लाइट म्हणतं, कुणी शेक. गुदाशयाच्या वाढलेल्या कॅन्सरमध्ये ते शस्त्रक्रियेच्या आधी देणं चांगलं, की नंतर? याचा निवाडा जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीनं केला. तिचे निष्कर्ष २००४ साली आले. आधी दिलेल्यांपैकी ६ टक्के लोकांत पाच वर्षांत कॅन्सर त्याच जागी उलटला, नंतर दिलेल्यांत १३ टक्के. पण या 'आधी'मुळे आणखी एक गोष्ट उजेडात आली. किरणांनंतर काढलेला आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की काही जणांच्या तुकड्यात कॅन्सरची एकही पेशी सापडत नसे. शस्त्रक्रिया करून जे काढलं, ते आधीच संपलेलं होतं. किरण आणि गोळ्यांच्या नेहमीच्या उपचारानं असं साधारण शंभरातल्या पंधरा जणांचं होतं. किरणांना भरपूर केमोथेरपीची जोड दिली की प्रमाण वाढतं. 'रॅपिडो' नावाच्या युरोपीय चाचणीत ते १४ वरून २८ टक्क्यांवर गेलं.

ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या सर्जन अँजेलिटा हाबर-गामा यांनी यातून सरळ प्रश्न काढला. गाठ पूर्ण गेलेली दिसत असेल, तर कापायचं कशाला? २००४ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात २६५ रुग्ण होते. त्यांतल्या ७१ जणांची गाठ उपचारांनंतर दिसेना, लागेना. त्यांना शस्त्रक्रिया न करता फक्त काटेकोर नजरेखाली ठेवलं होतं. त्या काळी सर्जन मंडळींना हे अक्रीत वाटलं. आज जगभरच्या मोठ्या केंद्रांत ही रीत रुळली आहे. वेगवेगळ्या देशांतल्या अशा ८८० रुग्णांची एकत्र नोंद २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यात चौघांपैकी एकाची गाठ दोन वर्षांत पुन्हा उगवली, पण ती बहुतेक वेळा आतड्याच्या भिंतीतच होती. म्हणजे बोटाला लागेल, दुर्बिणीला दिसेल अशा जागी.

आता मुलीच्या प्रश्नाचं वजन कळतं. गुरुजी त्या विरघळणाऱ्यांत आहेत का? आणि नसतील, तर आत्ताच कळलेलं बरं नाही का? उपचार सुरू व्हायच्या आधीच त्यांच्या दंडातून पाच-सहा नळ्या रक्त काढलंय. एवढ्या रक्तात याचं उत्तर नसेल?

उत्तर शोधायचा उद्योग तीसेक वर्षं तरी चालू आहे. त्यातले तीन पदार्थ पाहू. एक अगदी स्वस्त, एक जुना, एक नवा.

स्वस्तातला म्हणजे सीबीसी, कोपऱ्यावरच्या लॅबमध्येही होणारा. गुरुजींच्या कागदावर पांढऱ्या पेशींची फोड आहे : न्यूट्रोफिल ७२, लिम्फोसाइट १८. बहुतेकांची नजर या ओळींवरून घसरून खाली 'शेरा' शोधते. संशोधकांनी इथेच थांबून एक भागाकार केला. ७२ भागिले १८, उत्तर ४. या गुणोत्तराचं नाव एनएलआर. निरोगी माणसात ते साधारण एक ते तीनच्या दरम्यान असतं.

या भागाकारात तथ्य काय? न्यूट्रोफिल हे शरीराचे धावून जाणारे शिपाई. जखम, जंतू, दाह दिसला की हजर. गाठीभोवती सतत धुमसणारा दाह असला की ते वाढतात आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला, गाठ पसरायला लागणारी रसायनं त्यांच्याकडून मिळत राहतात. लिम्फोसाइटमध्ये मात्र कॅन्सरची पेशी ओळखून मारणाऱ्या पेशी असतात. किरणांचं काम आपल्याला वाटतं तितकं एकट्याचं नसतं. १९७९ सालचा उंदरांवरचा एक प्रयोग यासाठी वारंवार सांगितला जातो. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या उंदरांमधल्या निम्म्या गाठी नष्ट करायला ३० ग्रे मात्रेचे किरण पुरले. टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) काढून घेतलेल्या उंदरांना त्याच कामासाठी दुपटीहून जास्त लागले. म्हणजे किरण गाठीला जखमी करतात आणि पुढची सफाई बऱ्याच अंशी लिम्फोसाइट करतात. तेव्हा भागाकार मोठा आला तर गाठीचे मदतनीस जास्त आणि मारेकरी कमी, असा तर्क आहे. एनएलआर कमी असलेल्यांची गाठ जास्त विरघळते, असं सांगणारे अभ्यास खरोखरच पुष्कळ आहेत.

तरी गुरुजींचा ४ वाचून हातपाय गाळू नयेत. न्यूट्रोफिल दाढ दुखली तरी वाढतात. स्टेरॉइडची गोळी घेतली तरी वाढतात. लिम्फोसाइटची संख्या तर दिवसाच्या वेळेनुसारही खालीवर होते. आदल्या रात्री एसटीत बसून झोपेविना मुंबई गाठलेल्या माणसाच्या रक्तात 'शिपाई' जरा जास्तच असतील, तर तो गाठीचा दोष कसा? आणि हा धोक्याचा आकडा नेमका कुठून सुरू होतो, यावरही एकमत नाही. कुणी २ म्हणतं, कुणी ३, कुणी ५. हे आकडे बरेचदा रुग्णांचे निकाल हाती आल्यावर, गट जिथे सर्वांत ठळक वेगळे होतात तिथे रेघ मारून ठरवलेले असतात. आधी निकाल आणि मग प्रश्नपत्रिका काढली की पहिला नंबर कुणाचा आणायचा हे आपल्याच हातात राहतं. दुसऱ्या गावच्या रुग्णांवर तीच रेघ लावली की ती फिकी पडते.

त्याच कागदावर वर हिमोग्लोबिन आहे, ९.२. सहा महिने रक्त पडतंय म्हटल्यावर नवल नाही. पण किरणोपचाराच्या डॉक्टरांची नजर यावर आधी जाते आणि त्याला जुनं कारण आहे. किरणांनी पेशीतल्या डीएनएवर केलेली जखम पक्की व्हायला प्राणवायू लागतो. प्राणवायूविना तेवढंच नुकसान करायचं तर अडीच ते तीन पट मात्रा द्यावी लागते. इंग्लंडमधल्या एल. एच. ग्रे यांच्या गटानं १९५० च्या दशकात हे नीट मांडलं. किरणांच्या मात्रेचं एकक त्यांच्याच नावानं आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर गाठीच्या आतल्या भागाला प्राणवायू कमी मिळतो आणि तिथल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत. इतकं सुटसुटीत स्पष्टीकरण असल्यावर पुढचा विचार कुणालाही सुचेल. हिमोग्लोबिन वाढवा, गाठ जास्त विरघळेल.

तोही प्रयोग झाला. गुदाशयाच्या नव्हे, घसा आणि मुखाच्या कॅन्सरमध्ये. किरणोपचार घेणाऱ्या ३५१ रुग्णांपैकी निम्म्यांना रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन दिलं. त्यांचं हिमोग्लोबिन ठरल्याप्रमाणे वाढलं. पण २००३ साली निकाल आले तेव्हा कॅन्सर आटोक्यात राहण्याचं प्रमाण त्यांच्यातच कमी निघालं. आकडा सुधारला आणि माणूस बिघडला. रक्तातल्या खुणांचं ज्याला वेड आहे त्यानं हा निकाल टेबलावर काचेखाली ठेवावा. खूण ही खूण असते, ती कारण असेलच असं नाही. गुरुजींचा अशक्तपणा जायला हवाच, त्याला लोह द्यायलाच हवं. पण लोहानं गाठीचा स्वभाव पालटेल असं त्यात गृहीत धरू नये.

जुना पदार्थ म्हणजे सीईए. याची कहाणी मोठी बोधक आहे. १९६५ साली माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये एक प्रथिन सापडलं. ते निरोगी प्रौढांच्या आतड्यात त्यांना दिसलं नाही, पण गर्भाच्या आतड्यात मात्र होतं. पेशी कॅन्सरमध्ये जाताना जणू गर्भावस्थेचं जुनं दप्तर पुन्हा उघडते, ही कल्पनाच अशी मोहक की चार वर्षांत रक्तातून ते मोजायची पद्धत आली. पहिल्या खेपेला तिनं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ३६ पैकी ३५ रुग्ण बरोबर पकडले. कॅन्सरची रक्ततपासणी सापडली असंच सगळ्यांना वाटलं. मग इतरांनी तपासणी वापरून पाहिली आणि हवा गेली. लवकरच्या कॅन्सरमध्ये सीईए अनेकदा वाढतच नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कॅन्सर नसताना वाढतं. यकृताच्या आजारात वाढतं, कारण ते रक्तातून काढून टाकायचं काम यकृताचं. पुढे कळलं की निरोगी आतड्यातही ते थोडंफार असतंच. फक्त तिथल्या पेशींना आपली आतली आणि बाहेरची बाजू ठाऊक असते, त्या ते आतड्याच्या पोकळीत सोडतात आणि शौचाबरोबर ते निघून जातं. कॅन्सरच्या पेशींना दिशेचं भान उरत नाही, म्हणून ते रक्तात झिरपतं.

गुरुजींचा आकडा ७.४. लॅबच्या कागदावर मर्यादा ५ ची छापलेली आहे. मुलगी तो आकडा लाल पेनानं गोल करते. डॉक्टर विचारतात, "गुरुजी, बिडी?" गुरुजी मुलीकडे न बघता म्हणतात, "सोडली. दोन महिने झाले." आता या ७.४ मधले गाठीचे किती आणि बिडीचे किती, हे सांगणारं यंत्र जगात नाही.

काही अभ्यासांत, सुरुवातीचं सीईए ५ च्या आत असलेल्यांची गाठ जास्त वेळा पूर्ण विरघळलेली दिसली. ते पटण्यासारखं आहे, कारण लहान गाठ कमी सीईए सोडते आणि लहान गाठ विरघळायलाही सोपी. पण मग रक्तानं आपल्याला नवीन काय सांगितलं? गाठ लहान आहे हे एमआरआयनं आधीच सांगितलं होतं. साओ पावलोच्या गटानं याहून कामाची गोष्ट नोंदवली. उपचारांच्या आधीचा आकडा फारसा बोलत नाही, उपचार संपल्यानंतरचा बोलतो. किरणांनंतर सीईए ५ च्या खाली असलेल्यांत गाठ पूर्ण गेलेले रुग्ण जास्त होते. एकटा आकडा मुका असतो, दोन तारखांचे दोन आकडे काहीतरी सांगू लागतात. म्हणून सीईए दर वेळी शक्यतो त्याच लॅबमध्ये करावं. पद्धत बदलली की आकडा बदलतो आणि फाइलमधला उतार खोटा ठरतो.

इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत, कारण बातम्यांमध्ये आणि कधीकधी शोधनिबंधांतही त्यांची गल्लत होते. हा आजार एकूण किती वाईट, हा एक प्रश्न. हा विशिष्ट उपचार या रुग्णाला लागू पडेल का, हा दुसरा. सीईए खूप जास्त असणं, एनएलआर जास्त असणं हे पहिल्याबद्दल बरंच सांगतं. अशा रुग्णाचं कुठल्याही उपचारानं जरा कठीणच जातं. पण तेवढ्यानं 'याला लाइट देऊ नका, दुसरं काही द्या' असं म्हणता येत नाही. जे सगळ्याच वाटांवर वाईट भविष्य सांगतं, ते वाट निवडायला निरुपयोगी.

नवा पदार्थ म्हणजे रक्तात तरंगणारा गाठीचा डीएनए. पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात आणि थोड्याच वेळात साफही होतात. रक्ताच्या द्रवात असा डीएनए असतो हे स्ट्रासबर्गच्या मांडेल आणि मेताइस यांनी १९४८ सालीच दाखवलं होतं, म्हणजे डीएनएची रचना उलगडायच्या पाच वर्षं आधी. त्या तुकड्यांतून कॅन्सरचा बदल झालेला तुकडा ओळखण्याइतकी बारीक यंत्रं मात्र अलीकडची. सीईएवर बिडीचा संशय येतो. गाठीतला नेमका बदल आधी बायोप्सीतून वाचून मग तोच रक्तात शोधला, तर हा तुकडा दुसऱ्या कुणाचा असण्याची शक्यता फारच थोडी उरते. शिवाय तो तासा-दोन तासांत निम्म्यावर येतो, म्हणजे आज रक्तात दिसला तर आजचाच.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी गुदाशयाच्या वाढलेल्या कॅन्सरच्या १५९ रुग्णांत हे तीन टप्प्यांवर मोजलं आणि २०१९ साली प्रसिद्ध केलं. उपचारांआधी ७७ टक्के रुग्णांच्या रक्तात गाठीचा डीएनए सापडला. किरण आणि गोळ्यांनंतर फक्त ८ टक्क्यांच्या. शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या रक्तात तो सापडला त्यांच्यापैकी तीन वर्षं आजार न उलटता राहिलेले ३३ टक्के होते, न सापडलेल्यांत ८७ टक्के. इतकी मोठी दरी सीईएला कधी दाखवता आली नव्हती.

पण मधल्या आकड्यावर जरा थांबा. किरणांनंतर शंभरातल्या ९२ जणांच्या रक्तात डीएनए नाही. मग ९२ जणांची गाठ विरघळली म्हणायची? मुळीच नाही. पूर्ण विरघळण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारानं पंधरा टक्क्यांच्या आसपास घुटमळतं हे आपण वर पाहिलं. म्हणजे पुष्कळ जणांच्या आतड्यात गाठ शिल्लक होती आणि रक्त म्हणत होतं, इथे कुणी नाही.

असं का, हे एका नळीत मावणाऱ्या हिशेबानं कळतं. एका नळीतून साधारण ४ मिलिलिटर प्लाझ्मा निघतो. एका मिलिलिटरमध्ये ५ नॅनोग्रॅम मुक्त डीएनए धरा, म्हणजे एकूण २०. एका नॅनोग्रॅममध्ये माणसाच्या संपूर्ण जनुकसंचाच्या सुमारे ३०० प्रती मावतात. म्हणजे नळीत झाल्या ६,०००. उरलेली गाठ बारीक असेल आणि तिचा वाटा दहा हजारात एक असेल, तर आपण शोधतोय तो तुकडा नळीत सरासरी एकही नाही, अर्धा-पाऊण आहे. यंत्र कितीही तल्लख असो, नळीत जे आलंच नाही ते त्याला दिसायचं कसं? एकाऐवजी अनेक बदल एकाच वेळी शोधले तर शक्यता वाढते आणि नव्या चाचण्या तेच करतात. तरीही डीएनए सापडणं ही ठोस साक्ष आहे, न सापडणं ही नाही. कोर्टात दोन्हींची किंमत सारखी धरत नाहीत, दवाखान्यातही धरू नये.

आता या सगळ्या खुणांची एकत्र कसोटी लावू. कल्पनेतली चाचणी घ्या, आजच्या बऱ्याच खुणांपेक्षा सरस. ज्यांची गाठ विरघळणार आहे त्यांतल्या शंभरपैकी ७० जणांना ती ओळखते, ज्यांची नाही विरघळणार त्यांतल्याही ७० जणांना. शंभर रुग्णांत २० विरघळणारे आहेत असं धरा. चाचणी त्यांतले १४ बरोबर पकडेल. उरलेल्या ८० पैकी २४ जणांनाही ती चुकून 'विरघळेल' म्हणेल. म्हणजे ३८ जणांच्या हातात आनंदाचा कागद पडला आणि त्यांतला खरा १४ जणांचा. चाचणीआधी गुरुजींची शक्यता २० टक्के होती, चांगला कागद आला तर ती ३७ होईल, वाईट आला तर १० च्या आसपास. फरक आहे, खोटा नाही. पण ३७ टक्क्यांच्या भरवशावर कुणी शस्त्रक्रिया रद्द करणार नाही आणि १० टक्के म्हणून कुणी लाइटही थांबवणार नाही, कारण ती द्यायचीच आहे. आजार त्याच जागी उलटू नये म्हणून.

आपल्याकडे कावळ्यानं घरटं कुठल्या झाडावर, किती उंच बांधलं यावरून पाऊस सांगणारे होते, अजून आहेत. हवामान खात्याचा अंदाज त्याहून कितीतरी शास्त्रशुद्ध : सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे सामान्य पाऊस. तो देशाच्या पातळीवर बरोबरही येतो. पण माण-खटावच्या शेतकऱ्याला देशाचा पाऊस नको असतो, त्याला आपल्या शिवारातला हवा असतो. एनएलआर आणि सीईए आज हवामान खात्याच्या जागी आहेत. गुरुजींसारख्या हजार जणांबद्दल ते बरोबर बोलतात. मुलीनं विचारलं आहे ते एका शिवाराबद्दल.

शिवाराबद्दल अचूक सांगणारी एक खूण मात्र मिळाली आहे आणि ती रक्तात नाही. काही गाठींच्या पेशींत डीएनए नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच मोडलेली असते. अशा पेशींत इतके बदल साठतात की प्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटू लागतात. फक्त तिच्या हातातली बेडी सोडावी लागते. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी थोड्या, शंभरात पाच-दहा धरा. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये अशा रुग्णांना ही बेडी सोडणारं डोस्टारलिमॅब हे औषध दिलं, ना किरण, ना शस्त्रक्रिया. जून २०२२ मध्ये पहिल्या १२ जणांचा निकाल आला, १२ च्या १२ जणांची गाठ दिसेनाशी झाली. २०२५ पर्यंत उपचार पूर्ण केलेल्या ४९ जणांतही तेच. मी कॅन्सरविषयीचं वाचन इतकी वर्षं करतोय, पण शंभर टक्के हा आकडा वाचून डोळे चोळल्याचं हे एकच उदाहरण आठवतं. आणि ही खूण तपासायला लागतं काय, तर बायोप्सीचा तोच तुकडा, जो गुरुजींचा आधीच मेणात बसवून ठेवलेला आहे. त्यावर चार प्रथिनांचे रंग चढवून बघायचे. ही तपासणी झाली नसेल तर महागड्या रक्ततपासणीच्या आधी ती मागावी. खूण आणि कारण इथे एकच आहेत, म्हणून ती इतकं नेमकं बोलते. एनएलआरचा भागाकार गाठीच्या अंगणात उभा राहून आतल्या घराचा अंदाज घेतो.

दुसरी वाट आहे ती अंदाजाचा नाद थोडा सोडून देण्याची. अमेरिकेतल्या 'प्रॉस्पेक्ट' चाचणीत हजाराहून जास्त रुग्ण होते. त्यांच्या गाठी गुरुजींच्या गाठीपेक्षा वर होत्या, स्नायू वाचवता येण्यासारख्या. त्यांतल्या निम्म्यांना आधी केमोथेरपी दिली आणि गाठ मोजली. २० टक्क्यांनी तरी आकसली असेल तर लाइट दिलीच नाही. जवळपास दहातल्या नऊ जणांची लाइट टळली आणि पाच वर्षांनी त्यांचे निकाल लाइट घेतलेल्यांपेक्षा कमी ठरले नाहीत. गाठ औषधाला कशी वागते हे भाकितानं ठरवण्याऐवजी औषध देऊन बघितलं. रक्तातल्या खुणांचं भविष्यही मला इथेच दिसतं. पहिल्या दिवशीचं भाकीत म्हणून नव्हे, तर उपचार चालू असताना दर दोन-तीन आठवड्यांनी नळीभर रक्तात उतार दिसतोय का, एवढ्या कामासाठी.

रक्ताची एक तपासणी मात्र गुरुजींनी उपचारांआधी करून घेण्यासारखी आहे, ती गाठीसाठी नव्हे, गुरुजींसाठी. लाइटबरोबर ज्या गोळ्या देतात त्या शरीरात मोडायला डीपीडी नावाचं विकर लागतं. काही जणांत ते जन्मतःच कमी असतं आणि नेहमीची मात्रा त्यांच्यासाठी विष ठरू शकते. युरोपच्या औषध संस्थेनं २०२० पासून ही तपासणी आधी करण्याची शिफारस केली आहे. या तपासणीवरून मात्रा कमी करता येते, म्हणजे कागद आल्यावर डॉक्टरांच्या हातून काहीतरी वेगळं घडतं. तपासणी घ्यावी की नाही याची माझी कसोटी तेवढीच आहे.

गुरुजींचं पुढे काय होतं? आपण कल्पनाच करतोय, तर थोडी पुढे नेऊ. बायोप्सीवरचे चारही रंग चढलेले, म्हणजे दुरुस्तीची यंत्रणा शाबूत. तेव्हा न्यूयॉर्कचं औषध नाही, नेहमीचीच वाट. २८ वेळा लाइट, सोबत गोळ्या, मग केमोथेरपीची चक्रं. हिमोग्लोबिन ११.४ पर्यंत चढलंय. लिम्फोसाइट मात्र घसरलेत, कारण या पेशी किरणांना फार हळव्या आणि ओटीपोटाच्या हाडांत शरीराच्या अस्थिमज्जेचा मोठा हिस्सा असतो. आता एनएलआर काढला तर तो ४ हून वरच येईल आणि त्याचा अर्थ सुरुवातीच्या ४ सारखा लावता येणार नाही. सीईए २.९. मुलीनं फाइलच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला तारखांसह सगळे आकडे लिहिलेत, ७.४ पासून.

डॉक्टर तो पुठ्ठा बघतात. "छान उतरलंय," म्हणतात.

"म्हणजे विरघळली?"

"ते हे कागद नाही सांगत, ताई." डॉक्टर खोक्यातून हातमोजा ओढतात. "गुरुजी, डाव्या कुशीवर वळा. गुडघे पोटाशी घ्या."